समोरच्या काकूंची झडती

पाहुणी म्हणून जेवायला यायच्या आधी यजमानाच्या घराची झडती घेणारी बाई अमेरिकेतल्या आमच्या अख्ख्या वेस्ट विंडसरमध्ये एकच, आणि ती नेमकी आमच्या समोर राहते. दुपारच्या जेवणाला बोलावलं की काकू सकाळीच हजर. फ्रीजला कान लावणार, दिवे लावून त्यांच्याकडे टक लावून बघणार, उदबत्ती हुंगून परत पुड्यात घालणार. हे सगळं लेकीसाठी. मुक्ता पंचविशीतली, ऑटिझम असलेली, मोजकं बोलणारी आणि माझ्या मसालेभातावर जीव टाकणारी. त्यामुळे तिच्या बुद्धीबद्दल मला कधीच शंका आली नाही. पण जेवण रंगात आलं की ती अचानक कानांवर हात दाबून किंचाळायची आणि मायलेकी अर्ध्या ताटावरून घरी. "ती उगाच नाही करत गं, तिचं कशाने तरी बिनसतं. ते कशाने, तेवढं मला कळलं पाहिजे," काकू म्हणायच्या. पोरीनं एकदा तरी चारचौघांत बसून ताकभातापर्यंत पोचावं, एवढीच त्यांची इच्छा.

त्या 'कशाने'पायी आम्ही काय काय सोसलं म्हणून सांगू! कुकरच्या शिट्ट्या गेल्या, मिक्सर हद्दपार झाला. माझ्या नवऱ्याचं गडगडाटी हसू ट्रिगर ठरलं आणि तो बिचारा अख्खी दिवाळी मंद स्मित करत बसला. (हा शोध मला मनापासून पटला होता.) मग आग्रहावर बंदी आली. वाढताना एकदाच विचारायचं. आपल्याकडे पहिल्यांदा 'नको' म्हणायचीच रीत, त्यामुळे पुण्याहून आलेले एक गृहस्थ त्या दिवशी उपाशी परतले.

परवा संक्रांतीला पुन्हा सगळे जमलो. मसालेभात पानात पडला तशी मुक्ता मागेपुढे डुलायला लागली. काकूंनी ते पाहिलं, आता काहीतरी होणार म्हणून नेहमीप्रमाणे पर्स खांद्याला अडकवली आणि उठल्या. मुक्ताचे हात कानांवर गेले. पण या वेळी ती किंचाळली नाही.

"आई, पर्स नको," ती म्हणाली. "भात."

पोरगी भात आवडला म्हणून डुलत होती, आणि पर्स दिसली की आता ताटावरून उठवणार हे तिला इतकी वर्षं कळत होतं, म्हणून ती किंचाळायची. आमच्या घरांचा कानाकोपरा तपासणाऱ्या काकूंना स्वतःचा खांदा तेवढा तपासायचा राहिला होता. मग पर्स त्यांनी माझ्या हातात दिली आणि खाली बसल्या.

मुक्ता ताकभातापर्यंत पोचली. जेवणानंतर काकू आमच्या सोफ्यावर जरा टेकल्या आणि बसल्या बसल्या झोपूनच गेल्या. इतकी थकलेली बाई इतकी वर्षं समोर राहत होती आणि आम्ही तिच्या झडतीला हसत होतो, या विचारानं मला भरून आलं. मुक्ता आईला खेटून बसली होती. कुणी जरा मोठ्यानं बोललं की ती त्याच्याकडे बघून ओठांवर बोट ठेवायची.