पायरीवर बसलेली वहिनी

अंगात येणं, दृष्ट लागणं… यावरून मी आईशी कायम भांडत आले. आमच्या घरातली मी पहिली ग्रॅज्युएट, आणि तेही वहिनीनं माझ्या वाटणीचं घरकाम अंगावर घेतलं म्हणून. ही गोष्ट तिचीच आहे.

गाव मेढ्याजवळ. दादा फौजेत. तो सुट्टीवर आला की नव्या घराची वास्तुशांत करायची होती. पूजेला जोडीनं बसायचं, म्हणून वहिनी पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या घेत होती. आमच्याकडं सगळ्याच घेतात, मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळतात. पण दादाची सुट्टी पुढं पुढं जात राहिली, मुहूर्त लांबला… आणि गोळ्याही चालूच राहिल्या.

मी सांगलीत नोकरीला. रविवारी भर दुपारी खोलीबाहेर कपडे वाळत घालत होते. वळून बघते तर पायरीवर वहिनी! एक चप्पल हातात.

"वन्सं, पाय लय जड झालाय."

न कळवता कशी आली, असं म्हणत मी पाणी आणायला आत गेले. बाहेर आले तर कुणीच नाही. रस्ता सरळ, मोकळा.

घरी फोन लावला. वहिनीनंच उचलला. आत्ता माझ्या पायरीवर बसून पाय जड झालाय म्हणालीस ना, असं मी विचारलं.

"मी हितं भाकरी थापतीय. ऊन लागलं काय तुमाला?" हसली. मग जरा थांबून म्हणाली, "पर पोटरी सकाळधरनं दुखतीया… तुमाला कुणी सांगितलं?"

आजच डॉक्टरला दाखवा, असा मी हट्टच धरला. आई तिला त्याच दिवशी साताऱ्याला घेऊन गेली. सोनोग्राफीत पायाच्या शिरेत रक्ताची गाठ निघाली. या गोळ्यांनी क्वचित असं होतं, पण लवकर आणलंत, असं डॉक्टर म्हणाले. रक्त पातळ करायची इंजेक्शनं सुरू झाली. मी पोचले तेव्हा वहिनी कॉटवर बसून आईला भित्री म्हणून चिडवत होती. मनात आलं – ते काय होतं कळलं नाही, पण त्यानं वहिनी वाचली.

दोन दिवसांनी चहा पिता पिता तिला धाप लागली. गाठ फुप्फुसात गेली होती. डॉक्टरांनी खूप धडपड केली… वहिनी गेली.

दादा पोचला तेव्हा सावडणंही उरकलं होतं. मी त्याला सगळं सांगितलं, पायरीवरचंही. वेड्यात काढेल असं वाटलं होतं. पण त्यानं एवढंच विचारलं,

"तुझ्याकडं आली. माझ्याकडं का न्हाई आली गं?"

मला भास झाला असेल, असं लोक म्हणतात. असेलही. पण तिचं दुखणं मला आधी कसं कळलं? आणि कळूनही ती जायचीच होती, तर एवढ्या लांब सांगायला का आली?