उपरण्याखालचा हात

निलंग्याच्या बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. तिसऱ्याला कळू नये म्हणून उपरण्याखाली हात धरून बोटं दाबतात. दलाल नागनाथचं पोट त्याच बोटांवर. हातांना सोरायसिस झाला, पापुद्रे सुटू लागले, तशी माणसं मागं सरली. "लागत न्हाई रे हे!" तो ओरडून सांगायचा. कोण ऐकतंय!

मग बाजारातल्याच एका भोंदूनं जडीबुटीच्या पुड्या दिल्या. चामडी साफ झाली आणि तेच हात पुन्हा उपरण्याखाली आले. नागनाथ वर्षभर पुड्या खात राहिला. तोंड सुजलं, तर लोक म्हणाले, "अंग धरलंय गड्यानं."

एकदा भोवळ येऊन पडला, तेव्हा लातूर गाठलं. साखर चढलेली, बीपी चढलेलं. पुडीत स्टिरॉइड निघालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सोरायसिसनं हृदयाचा धोका मुळातच वाढतो, त्यात स्टिरॉइडनं चढवलेल्या साखरेची आणि बीपीची भर. पुडी एकदम बंद करू नका, जिवावर बेतेल; मी हळूहळू कमी करते. पुढचं औषधही साखर आणि हृदय बघूनच देईन."

पुड्या कमी झाल्या तसे चट्टे परतले. पुढच्या बाजारी व्यापारी रुद्रप्पानं, त्याच्या जुन्या दोस्तानं, हात धरण्याआधी आपल्या पंजाला फडकं गुंडाळलं.

नागनाथचं डोकं फिरलं. "तुमच्या किळसेपायी मी काळीज जाळून घेतलं की रे!"

त्यानं उपरणं शेणात भिरकावलं आणि अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असा बैलाचा भाव ओरडून सांगितला.