निळ्या जिरेनियमचा वाफा

"हे जिरेनियम न्हाई," असं म्हणत ते नर्सरीतल्या कुंडीसमोर उकिडवे बसायचे आणि फुलाच्या वरच्या दोन पाकळ्यांवर बोट ठेवायचे. "ह्या दोन खालच्या तिन्हीपेक्षा वेगळ्या. खऱ्या जिरेनियमच्या पाचही सारख्या असतात. हे पेलार्गोनियम."

नर्सरीवाला वैतागायचा. "काका, मी जिरेनियम म्हणूनच विकून राह्यलो. घ्यायचं तर घ्या." ते घ्यायचे नाहीत.

जालन्यात आमच्या शेजारी राहणारे हे गृहस्थ बियाणे कंपनीतून निवृत्त झालेले. जन्म गेला तो बीजोत्पादनाच्या शेतांतली भेसळ काढण्यात. जाफराबादकडच्या कपाशीत एखादं झाड इतरांपेक्षा वेगळं दिसलं, की फुलायच्या आत उपटायचे. शेतकरी गयावया करायचा, "साहेब, जोमदार हाये, राहू द्या की." यांचं उत्तर ठरलेलं: "बिलकुल न्हाई. वेगळं दिसलं की काढलं."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. नोकरी सुटते, सवय सुटत नाही. लग्नाच्या पंगतीत बसले तरी त्यांना भातात दुसऱ्या जातीचं शीत सापडायचं, आणि ते ताटाच्या कडेला काढून ठेवायचे.

काकूंनी मात्र उभ्या संसारात त्यांच्याकडे एकच गोष्ट मागितली. हिमाचलच्या सहलीत रस्त्याकडेला निळ्या जिरेनियमचा ताटवा दिसला, तेव्हा म्हणाल्या, "हे आपल्या दारात पाह्यजे." बर्फाखाली झोपून पुन्हा फुटणारं झाड जालन्याच्या उन्हाळ्यात कसं जगणार, हा प्रश्न आम्हाला पडला. त्यांना पडला नाही. त्यांनी कुठूनसं बी मागवलं, लिंबाच्या सावलीत वाफा केला आणि थंडीच्या तोंडाशी पेरलं.

रोपं आली ती सगळी एकसारखी, गोल पानांची. एकाच रोपाचं पान खोल चिरलेलं होतं. दुसऱ्या दिवशी ते वाफ्यात नव्हतं.

फाल्गुनात फुलं आली. लाल. वरच्या दोन पाकळ्या वेगळ्या. ते वाफ्याजवळ उकिडवे बसले. पाकिटातच भेसळ होती, आणि खरं रोप होतं ते चिरलेल्या पानाचं तेवढं एकच.

"मीच उपटलं," ते म्हणाले.

"अहो, लालबी काही वाईट न्हाईत," काकू म्हणाल्या. मला त्या दिवशी काकांचं फार वाईट वाटलं.

पुढच्या थंडीत दुसरीकडून बी आणलं. या खेपेला वाफ्यात जे उगवेल ते त्यांनी राहू दिलं, अगदी गवतसुद्धा. मी सहज एक काडी उपटायला वाकलो तर ओरडलेच, "फुलल्याबिगर कोणालाच हात लावायचा न्हाई आता!"

फुलायच्या आधी तेच गेले. दुपारी जेवून आडवे झाले, ते उठले नाहीत.

काकू रोज सकाळी झारी घेऊन त्या वाफ्यावर येतात. परवा न राहवून मी म्हटलं, "काकू, गवताला कशाला पाणी घालता?"

"त्यातलं त्यांचं कोणतं, मला कुठं वळखतंय?" त्या म्हणाल्या. "म्हणून सगळ्यालाच घालून राह्यले."

निळं काही अजून दिसत नाही. हरळीनं मात्र वाफा सोडून पायरी गाठली आहे.