फक्कीमावशींची दोरी

वयाच्या चोविसाव्या वर्षी मी माझी खो-खोची सगळी प्रमाणपत्रं पाणी तापवायच्या बंबात जाळली. गुडघा कायमचा गेला, जिल्ह्याच्या संघातून नाव गेलं, मग हे कागद कशाला, असं मला शहाणीला वाटलं. त्याआधी ह्याच बाईसाहेब बेलापुरात अशा चालत, की समोरच्या बैलगाडीनंच बाजू द्यावी! आता दोन-दोन दिवस वेणी घालत नव्हत्या. "लग्न लावून द्या, आपोआप उठेल," असं घरात चाललं होतं.

तेवढ्यात फक्कीमावशी चौकशीला आल्या. त्या शाळेत शिपाई. मैदानावरच्या पांढऱ्या फक्कीच्या रेघा त्याच मारत, म्हणून हे नाव. मी रडत रडत बंबाची कबुली दिली. त्यांनी गंभीरपणे विचारलं, "पानी तरी नीट तापलं का?"

चार महिन्यांत मी पहिल्यांदा हसले.

"उद्या सकाळी ये. दोरी धरायला मानूस न्हाई."

"मावशी, मी खेळाडू आहे. म्हणजे, होते."

"मंग खेळाडूला दोरी धरता येत न्हाई व्हय?"

दोरीचं एक टोक खुंटीला, दुसरं माझ्या हातात. तिच्या कडेनं मावशी वाकून फक्की सोडत जायच्या. रविवारीसुद्धा त्या चर्चमधून थेट मैदानावर. मुली खेळायला उतरल्या की मी पदराला डोळे पुसायची. मावशी वर न बघता म्हणायच्या, "रडायचं तर रेघंच्या भाईर रड. वली झाली तर परत मारावी लागंल."

एकदा मात्र मी म्हणाले, "खेळत नाही तर मी कोणीच नाही, मावशी. सकाळी जागच येऊ नये असं वाटतं." त्या दिवशी त्यांनी चेष्टा केली नाही. हातातलं घमेलं खाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी एसटीनं मला नगरला मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. वाटेत एवढंच बोलल्या, "गुडघ्याला डॉक्टर चालतो, मंग मनाला का न्हाई?" पुढच्या दर खेपेला त्या बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या.

हळूहळू झोप आली, भूक आली. मी शिट्टी घेतली, पंच झाले, संसार केला, आजी झाले. हाव मात्र गेली नाही. मावशींनी चारचौघांत मला 'मोठी खेळाडू' म्हणावं म्हणून दर भेटीत मी मुद्दाम जुन्या सामन्यांचा विषय काढायची. त्या कधी म्हणाल्या नाहीत.

गेल्या वर्षी, त्या वारल्या त्याच्या आठवडाभर आधी, भेटायला गेले. त्यांच्या नव्या नातसुनेनं विचारलं, "आजी, ह्या कोण?" मी पाठ ताठ करून बसले.

माझा हात हातात घेऊन मावशी म्हणाल्या, "ही व्हय? ही माझी दोरी धरायची. लई सरळ धरायची."