पक्ष सोडला नाही

"क्षनिक नाही. क्षणिक. ण म्हण."

मी म्हटलं. पुन्हा 'न'च आला. मागच्या बाकांवर हसू फुटलं.

"असू दे," सर म्हणाले. "पूर्वपक्षच तर आहे. हरायचाच आहे."

जळगावातलं कॉलेज. एम.ए.ला तत्त्वज्ञान. पेपर प्राचीन आणि मध्ययुगीन भारतीय तत्त्वज्ञानाचा. विभागात दरवर्षी वादसभा व्हायची, जुन्या पंडितांच्या रीतीने. एकाने पूर्वपक्ष मांडायचा, म्हणजे जे खोडायचं ते मत. दुसऱ्याने ते खोडून सिद्धान्त सांगायचा. शेवटी पूर्वपक्षाने उभं राहून, हात जोडून म्हणायचं, "पक्ष सोडला." मग टाळ्या. मग चहा.

त्या वर्षी पूर्वपक्ष बौद्धांचा होता. सगळं क्षणिक आहे, कायम टिकणारा आत्मा नाही. सर माझ्याकडे बघून म्हणाले, "तू मांड. तुझ्या घरचाच आहे." सिद्धान्त मुग्धाकडे गेला. तोही तिच्या घरचाच. ते कुणी बोललं नाही.

मुग्धाचा मला हेवा वाटायचा. पुस्तक न उघडता ती सूत्रं म्हणायची. तिचे आजोबा संस्कृतचे पंडित. सर तास थांबवून तिला विचारायचे, "यावर आजोबा काय म्हणतात?" मी एकदा तिला विचारलं, संस्कृत कधी शिकलीस?

"आठवतच नाही गं. घरात होतंच."

या उत्तराचा हेवा सगळ्यांत जास्त. मला प्रत्येक शब्द कुठे शिकले ते आठवतं. तेव्हा कोण हसलं, तेही.

माझं घर पिंपळनेरला. बोली अहिराणी. आमच्याकडेही पाठांतर होतं. पाली वंदना घरात सगळ्यांना तोंडपाठ. मी ती कधी शिकले, मलाही आठवत नाही. पण मुग्धाकडे बघण्यात मी इतकी गुंतले होते, की हे लक्षात यायला फार वेळ लागला. ज्या दिवशी आलं, त्या दिवशी मी ग्रंथालयात गेले. बौद्धांनी स्वतः काय लिहिलंय ते वाचायला. वर्गात आम्ही त्यांचं मत वाचत होतो, पण ते खोडणाऱ्यांच्या पुस्तकांतून.

वादसभेत मी पूर्वपक्ष मांडला. मग मुग्धा उठली. आवाज स्वच्छ, उच्चार कोरीव. "सगळं क्षणिक असेल, तर काल पाहिलेलं आज आठवतं कोण? पाहणारा तर कालच संपला." सभागृहाने मान डोलावली. तेव्हाही मला तिचा आवाज हवासा वाटला.

"आता म्हण," सर मला म्हणाले.

मी उभी राहिले. हात जोडले नाहीत.

"सर, यावर बौद्धांचं उत्तर आहे."

"पूर्वपक्षाला उत्तर नसतं."

"त्यांनी दिलेलं आहे. आपण तिथवर वाचत नाही."

आणि मी ते सांगितलं. एका दिव्यावर दुसरा दिवा लावला, तर आधीच्यातलं काही उचलून नेत नाही. तरी उजेड पुढे जातो. एक क्षण दुसऱ्याला घडवतो. आठवण तशीच पुढे जाते. तिला मालक लागत नाही. बोलताना क्षनिक म्हणाले. दोनदा. थांबले नाही.

"झालं? आता पक्ष सोड."

मुग्धा शेजारून कुजबुजली, "अगं, म्हणून टाक ना. नुसती पद्धत आहे. मीसुद्धा म्हटलं असतं."

"तुला कधी पूर्वपक्ष मिळालाय?"

सरांनी घड्याळ पाहिलं आणि सभा संपल्याचं जाहीर केलं. टाळ्या झाल्या नाहीत. लोक चहाकडे गेले. मी उभीच होते.

वडिलांना आम्ही आबा म्हणतो. त्यांचा फोन आला.

"काय झायं? हारनी का?"

"नही, आबा."

"मंग जिकनी?"

"नही. खाले बठनी नही."

"बेस करं, माय."

दुसऱ्या दिवशी सर वर्गात म्हणाले, पुढच्या वेळी पूर्वपक्ष शिस्तीच्या मुलाला देऊ.

मी नेट देणार आहे. या विषयाची प्राध्यापक होणार आहे. मुग्धाचा हेवा अजून वाटतो, आणि तो मला जाऊ द्यायचा नाही. त्याच्याच जोरावर रोज पहाटे संस्कृत घेऊन बसते. खोडणाऱ्यांची पुस्तकं त्यांच्याच भाषेत वाचणार. माझ्या वर्गात वादसभा होईल. पूर्वपक्षाला दुसरी पाळी मिळेल. हात कुणी जोडणार नाही.