डाव्या कोपऱ्यातली कळ

नरसय्या सरांच्या खोलीत कुणी पाऊल टाकलं की आत बडबडणारं मशीन टपकन गप्प व्हायचं. कीबोर्डच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातली कळ दाबून सर खुर्चीतच वळायचे आणि म्हणायचे, "या की, बसा. माणूस आलं की मशीन गप्प." त्यांच्या लहानपणी घरात हातमाग होता. पाहुणा आला की वडील माग थांबवायचे, अर्धा धागा राहिला तरी. सरांनी ती रीत संगणकाला लावली होती.

लहानपणीच तापात सरांचे दोन्ही डोळे गेले होते. साखर पेठेत यंत्रमागाच्या शेडला लागून त्यांची खोली होती आणि तिथं ते न दिसणाऱ्या माणसांना संगणक शिकवायचे. पडद्यावरचं सगळं वाचून दाखवणारा एक प्रोग्राम होता. तो वेगळा आणून मशीनवर घालावा लागायचा आणि सरांची उभी हयात त्याच्यावर गेली होती. भिंतीपलीकडं दिवसभर मागांचा खडखडाट. मी पहिल्याच दिवशी फणकारले, "अहो, या गोंधळात माणसानं ऐकायचं तरी काय?" सर हसले. "हितं ऐकायला शिकलात की जगात कुटंबी ऐकाल."

मी काही हौसेनं गेले नव्हते. माझी नजर कडेकडेनं मिटत चालली होती. डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं की हे थांबणारं नाही. चिंचोळी एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात मी ऑर्डरींचं काम बघते. साहेबांना हे कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "जमेल तोवर बघू." माणूस वाईट नव्हता, पण त्या तीन शब्दांनी माझी झोप उडवली. घरी बसायचं म्हणजे काय, हे मला नेमकं ठाऊक होतं. सगळे 'राहू दे, राहू दे' म्हणणार आणि आपण भिंतीला टेकून राहायचं.

पहिल्या धड्याला सरांनी पडदाच बंद करायला लावला.

"मग मी बघू कशी?" मी ओरडले.

"बघायचंच न्हाय की ओ ताई. आमच्या आईनं जन्मात कधी विडीकडं बघून विडी वळली न्हाय. बोलायची माझ्याशी, बोटं आपली चालल्यात."

वर्षभरात माझीही बोटं चालू लागली. त्या प्रोग्रामचा खरखरीत आवाज मला घरच्या माणसासारखा वाटायला लागला, आणि नेमकी तेव्हाच बातमी आली की कंपनी तो प्रोग्राम बंद करतेय. आता प्रत्येक मशीनमध्ये वाचणारा आवाज आधीपासूनच असतो, तोही फुकट आणि चांगला, मग वेगळा हवा कशाला? जो तो आमचं अभिनंदन करायला लागला. आमच्या कारखान्यातही दिवाळीनंतर सगळी मशीन बदलणार होती, आणि त्यांच्यावर जुना प्रोग्राम चालणारच नव्हता. एकदा शिकताना नाकी नऊ आले होते. नजर होती नव्हती ती सरत आलेली, आणि आता पुन्हा श्रीगणेशा! सरांना म्हटलं तर ते म्हणाले, "चांगलंच हाय की. गरिबाला फुकट मिळायलंय." पण हे बोलताना त्यांची बोटं टेबलावर उगाच काहीतरी दाबत होती.

पुढच्या शनिवारी गेले तर खोलीत चिडीचूप. शेडलाही नेमकी त्या दिवशी सुट्टी होती. मी बसता बसता म्हटलं, "सर, मशीन माझ्यासाठी थांबवलंत होय? चालू द्या."

सर वळले नाहीत. चेहरा घामानं डबडबलेला.

"मी न्हाय थांबवलं, ताई. ते आपणच गप्प झालंय."

झालं होतं असं की नव्या आवाजावर काम करताना बोटं जुन्या सवयीनं भलत्याच कळांवर गेली आणि वाचणंच बंद पडलं. परत चालू कसं करायचं ते सुचेना. सकाळपासून ते तसेच बसले होते. "शेडबी बंद. मशीन मुकं झालं का माझेच कान गेले, तेच कळंना. टाळी वाजवून बघितली. बायकोला हाक मारावी वाटली, पर तिला सांगू काय? मास्तरच हरवला म्हणून?"

इतकी वर्षं शिकवणारा हा माणूस असा बसला असेल, तर माझं काय? माझ्याजवळ तेव्हा नळीतून दिसावं एवढी नजर उरली होती. पडद्यावर तुकड्या-तुकड्यानं शोधत शोधत मी तो आवाज चालू केला. मशीन बोललं तसा सरांनी मोठा श्वास सोडला. आणि मी, मेली माझी जीभ, त्यांच्यावरच भडकले. "तुम्हीच घाबरलात तर मी कुणाच्या तोंडाकडं बघायचं?"

"घाबरलोय ओ. खोटं कशाला बोलू?" सर म्हणाले. मग त्यांनी आईची गोष्ट सांगितली. एकदा कारखान्यानं विडीची लांबी कमी केली. आईच्या बोटांना जुनं माप बसलेलं. टोपलीभर विड्या छाट म्हणून परत यायच्या. "पानं कातरताना आई रडायची. पर कातर थांबवली न्हाय तिनं. भीतीला म्हणायचं, बस बाई शेजारी. हात थांबवायचे न्हाईत."

त्या दिवसापासून आम्ही दोघं मिळून शिकू लागलो. दिसेल तेवढं मी वाचायचे, सर कळा शोधायचे. सगळं बदललं होतं, फक्त डाव्या कोपऱ्यातली ती गप्प करणारी कळ तीच राहिली होती. सरांना त्याचा कोण आनंद! "नव्यालाबी रीतभात हाय की!" इकडं माझी अक्षरं मात्र आठवड्या-आठवड्याला गळत होती. मी बोलले नव्हते, पण एकदा तेच म्हणाले, "ताई, आज लई थांबून थांबून वाचायलात." मी पुढची ओळ वाचायला घेतली. दिवाळीत दिव्यांचा नुसता उजेड कळत होता, दिवे नाहीत.

नवी मशीन आली. पहिल्या दिवशी भीत भीतच कळ दाबली, आवाज आला, पत्रं वाचून झाली. पण ऑर्डरी येतात त्या तक्त्यात. माप, रंग, नग. कुठला आकडा कुठल्या रंगाचा, तेच मला उमगेना. दोनदा चूक झाली. साहेब पुन्हा म्हणाले, "जमेल तोवर बघू." त्या संध्याकाळी मी सरांना फोन करून ढसाढसा रडले.

"रविवारी या," सर म्हणाले. "तवर तक्त्याचं मी वाचून ठेवतो."

शनिवारी सकाळी त्यांच्या बायकोचा फोन आला. चहा द्यायला गेल्या तर सर खुर्चीतच गेलेले होते.

आमच्या ह्यांनी मला स्कूटरवरून नेलं. पायाखाली चपलाच चपला, पडवीत बायकांचं रडणं. भिंतीपलीकडचे माग कुणीतरी थांबवले होते. आणि आतल्या खोलीतून आवाज येत होता. सरांना लागायचा तसा, भन्नाट वेगानं. कुणालाच ते मशीन गप्प करता आलं नव्हतं. "कुणीतरी बंद करा की ओ ते," एक बाई म्हणाली, "अंगावर काटा यायलाय." कुणी तरी वायर ओढायला निघालं.

"वायरीला हात लावू नका," मी म्हटलं. ह्यांचा हात सोडला आणि आवाजाच्या रोखानं आत गेले.

इतरांना ती नुसती कलकल होती, मला शब्द न् शब्द कळत होता. नव्या प्रोग्रामची माहिती चालली होती. तक्त्यात एका ओळीतून दुसऱ्या ओळीत कसं जायचं, वरचा मथळा कसा ऐकायचा. माझाच धडा. तक्ते मी पुढं एकटीनं शिकले, रडतकुढत शिकले, नोकरीही टिकली. पण त्या क्षणी यातलं काही ठाऊक नव्हतं. खूप भीती वाटत होती. वाटलं, आणखी थोडं ऐकावं, एवढा धडा तरी पुरा होऊ द्यावा.

टेबलाची कड सापडली. कीबोर्ड सापडला. खालच्या डाव्या कोपऱ्यात बोट नेलं आणि कळ दाबली.

माणसं आली होती.