बटणावरचं कुंकू

'बिघडलंय' हा शब्द दत्तूदादांसमोर काढायची सोय नव्हती. साजगावातल्या आमच्या कारखान्यात कुणी धावत जाऊन म्हणालं, "दादा, पंप बिघडलाय," की ते हातातला पाना खाली ठेवत आणि अंगावरच येत. "बिघडला का नाय ते मी ठरवीन. तू काय बघितलंस ते सांग. आवाज करतोय? गरम होतोय? नुसता बिघडलाय म्हनं!" नवा माणूस पहिल्या वेळी घाबरायचा. पुढच्या वेळी मात्र नीट बघून यायचा.

दत्तू ठोंबरे आमचे इलेक्ट्रिशियन. नाव ठेकेदाराच्या हजेरीवर, पण माणूस कारखान्याइतकाच जुना. बुटके, मानेवर कायम टॉवेल, आणि भांडायला एका पायावर तयार. प्लँट मॅनेजर साहेबांशी बोलतानाही आवाजाची पट्टी तीच. मी डिस्पॅचला बसतो, त्यामुळे त्यांची निम्मी भांडणं माझ्या खिडकीसमोरच झाली.

वर्षातून एकच दिवस ते शांत असत. खंडेनवमीला नवा सदरा घालून, हातात ताट घेऊन ते एकेका मशीनपुढे उभे राहत. तुपात कालवलेलं दाट कुंकू अंगठ्यावर घ्यायचं आणि नेमकं स्टार्टच्या बटणावर दाबायचं. "बटणावरच का हो?" मी एकदा विचारलं. "अरं, कपाळ नको का त्याला? इथनंच तर जागं होतंय ते." मागून साहेब नारळ फोडत आणि ताट हातात घेऊन फोटो काढून घेत.

अशाच एका खंडेनवमीनंतर गेटवरच्या वजनकाट्याचा संगणक रुसला. चालू केला की पंखा फिरे, दिवा लागे, आणि चार श्वास घेईपर्यंत सगळं बंद. काटा चालवायची हिरा पारधी, ठाकूरवाडीतली, आश्रमशाळेत शिकलेली. बाहेरून मेकॅनिक आला, मदरबोर्ड गेला म्हणाला, नवा बसवला. नव्या बोर्डानंही तेच केलं. पंखा, दिवा, बंद. बाहेर ट्रकांची रांग रस्त्यापर्यंत गेली आणि साहेबांचा पारा चढला.

"हिनं चहा सांडला असणार," साहेब सगळ्यांदेखत म्हणाले. "डोंगरावरून उचलून आणतो आपण यांना, आणि हे असं करतात."

"साहेब, मी काट्यावर चहा पीतच नाय," हिरा म्हणाली.

"उद्यापासून येऊ नकोस."

"चहा सांडताना पाहिलं कुणी?" मी विचारलं. "तू तुझी चलनं बघ," साहेब म्हणाले. ते 'डोंगरावरून' आठवलं की आजही माझं डोकं फिरतं. वाडीतून रोज पायी उतरून सगळ्यांच्या आधी गेटवर हजर असणारी बाई ती. तिच्या पगारावर घर चालत होतं, हे त्यांना ठाऊक होतं.

संगणक दत्तूदादांच्या कामात येत नव्हता. पण हिराला काढल्याचं कळताच ते काट्याच्या केबिनमध्ये घुसले. "पोरीनं काय केलं? कोणी काय बघितलं ते सांगा!" मेकॅनिक म्हणाला, नवा बोर्डही खराब निघाला असेल. "दोन बोर्ड एकाच दुखण्यानं मरतात व्हय रं? जे बदललं नाय ते बघ की!"

मग त्यांनी एकेक गोष्ट सोडवायला घेतली. एक काढायची, चालू करून बघायचं, पुढची काढायची. शेवटी उरल्या समोरच्या बटणाकडून येणाऱ्या दोन बारीक वायरी. त्या उपटल्या, स्क्रू ड्रायव्हरचं टोक बोर्डावरच्या त्या दोन पिनांना टेकवलं. पंखा फिरला. आम्ही चार श्वास मोजले. बंद झालाच नाही. पडद्यावर वजनाचे आकडे उमटले, तेव्हा बाहेरचे ड्रायव्हरसुद्धा ओरडले.

दत्तूदादांनी बटणाची पट्टी उघडली. आत तूप, कुंकू आणि धूळ यांचा लाल थर घट्ट बसला होता. बटण आतच अडकलं होतं. कुणी ते दाबूनच धरलंय असं समजून बिचारा संगणक दर वेळी स्वतःला बंद करत होता.

"बटण जुनं झालं असेल," मेकॅनिक म्हणाला. साहेबांनीही मान डोलावली. तिथंच सगळं मिटलं असतं.

"जुनं नाय," दत्तूदादा म्हणाले. "ह्यो माझा अंगठा हाय. साहेब, पोरीला बोलवा."

हिराला बोलावलं. आणि त्याच आठवड्यात ठेकेदाराला सांगून दत्तूदादांना काढलं. कारण काय, तर अंधश्रद्धेपायी कंपनीचं नुकसान! अरे, नारळ कुणी फोडला होता? ताट घेतलेला फोटो कुणाच्या केबिनमध्ये लटकतोय? मी आत जाऊन त्या फोटोकडे बोट दाखवलं. साहेबांनी मला बाहेर जायला सांगितलं. माफी तर त्यांनी हिराचीही मागितली नाही.

पान्यांची पिशवी घेऊन दत्तूदादा गेटवर आले तेव्हा हिरा रडत होती. "रडतीस काय गं? माझं चुकलं ते मी बोललो. तुझं नव्हतं, ते बी बोललो. जा, बस काट्यावर. गाड्या उभ्या हायत." हल्ली ते कर्जतकडच्या फार्महाऊसचे पंप बघतात.

पुढच्या खंडेनवमीला साहेब ताट घेऊन काट्यावर आले. हिरानं बटणावर आडवा हात धरला. "साहेब, हितं टिळा लावायचा मान दत्तूदादांचा हाय. त्यांना बोलवा, नायतर राहू द्या." तिची नोकरी पुन्हा गेली असंच वाटलं. पण सगळे बघत होते, ड्रायव्हर खाली उतरून उभे होते. साहेब लालबुंद होऊन निघून गेले. त्या दिवशी सगळ्या कारखान्यात एकटा तो संगणक पूजेवाचून राहिला, आणि मला भयंकर आनंद झाला.

तिथूनच मी दत्तूदादांना फोन लावला आणि घडलं ते सांगितलं. वाटलं, खूश होतील.

"पूजा नाय केली?" तिकडून आवाज चढला. "त्या मशीननं काय घोडं मारलंय तुमचं? साहेबाचा राग त्याच्यावर काढता व्हय रं? मग साहेबानं तरी पोरीवर दुसरं काय केलं होतं? फोन दे तिला!"

मी फोन हिराकडे दिला. ती नुसतं "हं, हं" करत राहिली. मग गेटवरच्या तोरणातला एक झेंडू काढून तिनं संगणकाच्या डोक्यावर ठेवला, बटणापासून लांब.